बेत नसू दे, माप असू दे

‘काय शिवायचं ते ठरल्याशिवाय कापड घ्यायचं नाही, आणि घरात आहे ते संपेपर्यंत दुकानाची पायरी चढायची नाही.’ बेंगळुरूच्या येलहंक्यात मराठी बायका एकत्र जमल्या आणि बोलणे शिवणकामाकडे वळले की हे वाक्य आता हमखास कानावर येते. सांगणाऱ्या तळमळीने सांगतात, ऐकणाऱ्या माना डोलावतात, आणि कपाटात चार तुकडे जपून ठेवलेली एखादी बाई उगाच ओशाळते. मी या भागात बरीच वर्षे शिवण शिकवते आणि हा नियम मला मान्य नाही. वरवर तो शहाणपणाचा दिसतो. पण कापड विणले कसे जाते, विकले कसे जाते आणि अंगावर बेतले कसे जाते, या तिन्ही बाबतींत तो चुकतो. चुकीचा नियम पाळून बायकांचे नुकसान होते, म्हणून त्याला उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. कापड घेताना बेत ठरलेला असण्याची मुळीच गरज नाही. माप मात्र ठरलेले असलेच पाहिजे. कुर्ता होईल की फ्रॉक, हे पुढे केव्हाही ठरवता येते. या पन्ह्याचे, म्हणजे रुंदीचे, किती कापड आपल्या घरातल्या माणसाला पुरते, हे दुकानात उभे असतानाच ठाऊक हवे. घराघरांतले अडगळीचे ढीग बेत नसल्यामुळे वाढलेले नाहीत, माप नसल्यामुळे वाढले आहेत.

आधी समोरची बाजू नीट मांडते, कारण ती पोकळ नाही. पहिला मुद्दा पैशांचा: पडून राहिलेल्या कापडात पैसा अडकतो. दुसरा जागेचा: इथल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये माणसांच्या कपड्यांनाच कपाट पुरत नाही, तिथे न शिवलेल्या कापडाला जागा कुठून द्यायची? तिसरा कापडाच्या आयुष्याचा: घडी घातलेले कापड घडीवर विरते, रंग उडतो, कसर लागते. चौथा आवडीचा: आज डोळ्यांत भरलेला रंग दोन वर्षांनी आवडेलच असे नाही. आणि पाचवा, ज्यावर हल्ली सर्वांत जास्त भर असतो, तो सदसद्विवेकाचा: जगात कपड्यांच्या कचऱ्याचे डोंगर वाढत असताना आपण विनाकारण त्यात भर का घालायची?

यातला एकही मुद्दा खोटा नाही. पण हे पाचही मुद्दे एकत्र ठेवले तरी त्यांतून ‘बेताशिवाय कापड घेऊ नका’ असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो एवढाच, की ज्याचे पुढे काहीच होऊ शकणार नाही अशा लांबीचे कापड घेऊ नका. या दोन निष्कर्षांत फार मोठे अंतर आहे, आणि उपदेश करणाऱ्या ते अंतर पाहत नाहीत.

मुळात सगळे कापड एका जातीचे नसते. टू बाय टू रुबिया, पॉपलिन, कॅम्ब्रिक, मांजरपाट, अस्तराचे कापड, परकराचे सुती कापड हे मॅचिंग सेंटरमध्ये बारा महिने मिळते. भिंतीला लावून रंगांचे गठ्ठे रचलेले असतात आणि आज संपलेला रंग थोड्याच दिवसांत परत येतो. असे कापड घरात साठवणे म्हणजे दुकानदाराचे काम आपल्या कपाटाने करणे. इथे मी उपदेश करणाऱ्यांच्या बाजूने उभी आहे. गरज पडेल त्या दिवशी जावे, लागेल तेवढे मोजून आणावे.

हातमागाच्या कापडाचे, छोट्या मागवाल्याच्या मालाचे तसे नाही. इथून दूर उत्तरेला, बागलकोट जिल्ह्यात, गुळेदगुड्डला खण विणला जातो आणि त्याच जिल्ह्यातल्या इळकलला आपली इरकल विणली जाते. सूत रंगवताना एका खेपेचा रंग दुसऱ्या खेपेशी तंतोतंत जुळत नाही. ताणा मागावर चढला की त्या रंगाचे, त्या काठाचे ठरावीक लांबीचे कापड निघते. ताणा संपला की ते कापड संपले. पुढचा ताणा चढेल तो वेगळा असेल. इथे आपल्या दाराशीसुद्धा हेच आहे. जुन्या येलहंक्यातल्या गल्ल्यांतून गेले की यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. येलहंका आणि पुढे दोड्डबळ्ळापूर हा रेशमी साड्या विणणाऱ्या यंत्रमागांचा पट्टा आहे. रेशमाच्या कोशांचे मोठे बाजार ज्या शिडलघट्ट्याला आणि रामनगरला भरतात ती गावेही फार लांब नाहीत. या पट्ट्यातल्या लहान मागवाल्याकडे आज दिसलेला काठ पुढच्या महिन्यात दिसेल याची हमी तो स्वतःसुद्धा देत नाही.

आता नियम पाळणारी बाई काय करते ते पाहा. आषाढात तिला मनाजोगते कापड दिसते. बेत ठरलेला नसतो म्हणून ती ते सोडते. दिवाळीच्या तोंडावर बेत ठरतो आणि ती ते शोधायला निघते. ते मिळत नाही. मग घाईघाईत मिळेल ते, गर्दीच्या दिवसांतल्या भावाने घेते, आणि त्यावर शिलाईचे पैसे घालते. नियम पाळला गेला, कपाट रिकामे राहिले, आणि अंगावर आले ते मनाविरुद्धचे कापड. असा कपडा चार वेळा नेसला-घातला जातो आणि मागे पडतो. याला काटकसर कशी म्हणायची?

आधी बेत आणि मग कापड हा क्रम आपल्याकडे पूर्वापार होता, असाही एक समज पसरला आहे. तो खरा नाही. आपल्या वस्त्रांचा मोठा भाग शिवलेला नव्हताच. नऊवारी लुगडे, सहावारी साडी, धोतरजोडी, उपरणे, पंचा, खण ही सगळी मापे आहेत. ती शिंप्याने ठरवलेली नाहीत; माणसाच्या अंगाने आणि नेसण्याच्या पद्धतीने ठरवलेली आहेत. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. कासोटा घालून, निऱ्या काढून, पदर खांद्यावरून घेऊन शेतात किंवा चुलीपुढे वावरणाऱ्या बाईला एवढे कापड लागते, हे पिढ्यांच्या वापरातून ठरले. बाजारात गेलेल्या बाईला बेत लागत नव्हता, कारण माप पक्के होते. लुगडे घेतले की ते नेसता येणारच. पुढे विरले की त्याची बाळासाठी दुपटी होणार आणि शेवटी गोधडी. कापड आधी, उपयोग नंतर, आणि तरीही वाया काहीच नाही.

शिवलेल्या कपड्यांतही क्रम हाच होता. इथलेच उदाहरण घ्या. केंपेगौडा हा येलहंक्याचा नाडप्रभू. 1537 मध्ये त्याने बेंगळुरूचा किल्ला आणि पेठ वसवली, ती धंदेवार वस्त्यांची: तांदळाची अक्किपेट, कापसाची अरळेपेट, बांगड्यांची बळेपेट. आजही घाऊक कापड घ्यायचे तर येलहंक्याहून आपण चिकपेटच गाठतो. 1638 नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. इथे नामदेव शिंपी आणि भावसार क्षत्रिय समाजांची मराठी बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. शिवणे, रंगवणे, छापणे हे त्यांचे परंपरेचे व्यवसाय. अशा शिंप्याच्या दुकानात गिऱ्हाईक कापड काखेत मारूनच येई आणि विचारी, ‘यात काय बसेल?’ शिंपी कापड उलगडे, पन्हा बघे, हाताने वार मोजे, समोरच्या माणसाकडे एक नजर टाके आणि सांगे की पोराचा सदरा निघेल, वर टोपी निघेल. बेत कापडातून निघत होता, आणि तो काढणे हीच शिंप्याची विद्या होती. ती विद्या आता आपण घरोघर शिलाई यंत्र घेऊन स्वतः करू पाहतो. मग तिचा पहिला धडा वगळून कसे चालेल?

तो धडा पन्ह्याचा आहे. एक कुर्ता प्रत्यक्ष बेतून दाखवते. उंची 42 इंच, पाऊण बाह्या, कापडाचा पन्हा 44 इंच. छाती 34 असलेल्या मुलीसाठी सैलपणाचे 4 इंच धरले की घेर 38 होतो. म्हणजे पुढचा भाग 19 आणि मागचा 19. शिवणीसाठी एकेका भागाला दीड इंच द्या, साडेवीस झाले. दोन्ही भाग शेजारी शेजारी ठेवले तर 41 इंच, म्हणजे 44 च्या पन्ह्यात आरामात बसतात. त्यामुळे लांबी एकदाच लागते: 42 आणि दुमडीचे 3 मिळून 45, आणि त्याखाली बाह्यांसाठी 20. एकूण 65 इंच, म्हणजे 1.65 मीटर.

आता तोच कुर्ता तिच्या आईसाठी. छाती 40, सैलपणासह 44. एकेक भाग 22 आणि दीड मिळून साडेतेवीस; दोन्ही मिळून 47. पन्हा तर 44 च आहे. केवळ तीन इंचांसाठी हे भाग शेजारी बसत नाहीत, एकाखाली एक ठेवावे लागतात आणि लांबी थेट 90 इंचांवर जाते. बाह्या मात्र बाजूला उरलेल्या पट्टीतून निघतात. एकूण 2.29 मीटर. मायलेकींच्या अंगात सहा इंचांचा फरक, आणि कापडात चौसष्ट सेंटिमीटरचा! पन्हा 58 इंचांचा असता तर आईचेही दोन्ही भाग शेजारी बसले असते आणि तिचा कुर्ता मुलीएवढ्याच 1.65 मीटरमध्ये झाला असता. आणि हातमागाचा 36 इंची पन्हा असेल तर मुलीलासुद्धा आईएवढीच लांबी लागेल.

या हिशेबात बेत कुठेच आडवा येत नाही. कुर्त्याऐवजी लांब सदरा करा, साधा फ्रॉक करा, बाह्या कमीजास्त करा, गळा हवा तो ठेवा. अंगभर कपड्याचे माप याच्या आसपासच राहते. घेरदार घागरा किंवा अनारकली करायची असेल तर कापड खूप जास्त लागते, हे खरे. पण तसे काही करायचे असेल तर ते आधीपासून मनात असतेच, त्याला बेताशिवायची खरेदी म्हणत नाहीत.

म्हणूनच माझा दुसरा वाद ‘दोन मीटर घेऊन ठेव, कशालाही होतं’ म्हणणाऱ्यांशी आहे. बेतवाल्यांच्या कडक नियमाला कंटाळून बऱ्याच जणी या टोकाला जातात. वरच्या हिशेबात ही सवय घालून पाहा. 44 च्या पन्ह्याचे दोन मीटर मुलीला घेतले तर पस्तीस सेंटिमीटर उरतात, ज्यांचे धड पोलकेही होत नाही. आईला घेतले तर एकोणतीस सेंटिमीटर कमी पडतात. म्हणजे कशालाही होईल म्हणून घेतलेले माप घरातल्या एकीलाही नेमके होत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली घरचे कापड घेऊन येतात तेव्हा मी हे वारंवार पाहते. दीड मीटर, दोन मीटर, सव्वा मीटर. रंग सुरेख, पोत सुरेख, आणि टेबलावर पसरले की बाह्या निघत नाहीत. मग बिनबाह्यांचे करू म्हणायचे, तर घरात ते कोणी घालत नाही. कापड परत पिशवीत जाते. ते पडून राहते ते बेत नसल्यामुळे नाही. बेत तर तिथे टेबलावर ठरलेला असतो. त्याला कापडच पुरत नाही.

माझा नियम म्हणून सरळ आहे. बेत नसताना कापड घ्यायचे तर घरात ज्या अंगाला सर्वांत जास्त कापड लागते त्याला पूर्ण पुरेल एवढे घ्या, किंवा घेऊच नका. मधले माप नाही. 44 च्या पन्ह्यात हा आकडा बहुतेक घरांत अडीच मीटरवर येतो. 2.29 च्या पुढचे वीस सेंटिमीटर चैन म्हणून नाहीत. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटते, म्हणजे अडीच मीटरमागे दहा सेंटिमीटर गेलेच. उरलेले तिरके कातरलेले टोक सरळ करण्यात जातात. चौकडी जुळवायची असेल किंवा नक्षी एकाच दिशेने जाणारी असेल तर आणखी वीस-पंचवीस सेंटिमीटर घ्या. 58 च्या पन्ह्यात पावणेदोन ते दोन मीटर पुरतात. आपल्या घराचा आकडा मात्र प्रत्येकीने आपल्या टेपने काढावा. माझा आकडा उसना घेऊ नये. घरातल्या सर्वांत मोठ्या अंगाचा घेर, उंची आणि बाही एकदा मोजा, 36, 44 आणि 58 या तीन पन्ह्यांसाठी किती लांबी येते ते कागदावर लिहा आणि तो कागद पाकिटात ठेवा. हे एका दुपारचे काम आहे आणि पुढची अनेक वर्षे पुरते.

आता त्या कापडाकडे वळते ज्याबद्दल बेतवाल्या एक शब्द बोलत नाहीत. आपल्या घरात बेताशिवाय साचलेल्या कापडात विकत घेतलेले किती आणि ओटीत आलेले किती, याचा कधी विचार केला आहे? संक्रांतीचे हळदीकुंकू, चैत्रगौर, डोहाळजेवण, मुंज, लग्न. त्यात येलहंक्यात राहिले की श्रावणातली वरमहालक्ष्मी आलीच, शेजारच्या कन्नड घरांतून तांबुलाबरोबर रविके-कण, म्हणजे चोळीचे खण, आलेच. प्रेमाने दिलेले हे कापड पुष्कळदा पाऊण मीटरच्या आतबाहेर असते, सूत विरळ असते, रंग पहिल्या धुण्यातच जातो. भरल्या अंगाच्या, कोपरापर्यंत बाह्या घालणाऱ्या बाईला त्यात चोळी होत नाही. मग तो खण पुढच्या ओटीत जातो, तिथून त्याच्या पुढच्या. शेवटी कधीही न शिवलेला खण चार-पाच घरे फिरून घड्यांवर विरतो.

‘कापड घेऊ नका’ हा उपदेश या ढिगाला हातही लावत नाही, कारण ते कापड आपण आपल्यासाठी घेतलेले नसते. इथे उपाय मापाचाच आहे. ओटी भरायची तर पूर्ण एक मीटर चांगले सुती कापड द्या. गुळेदगुड्डच्या खणाचा पन्हा लहान असतो, तो द्यायचा तर विचारून, पुरेशी लांबी द्या. दहा जणींना निरुपयोगी तुकडे देण्याऐवजी ज्यांना द्यायचे त्यांना शिवता येईल असे द्या, बाकीच्यांना तांदूळ, नारळ, हळदकुंकू पुरे. सवाष्णीचा मान कापडाच्या तुकड्यांच्या संख्येत नाही. तिला ते अंगावर घालता यावे, यात आहे.

पैशांच्या मुद्द्याला उत्तर देणे आता सोपे आहे. तीन दुकानांतून एकेक मीटरचे तीन तुकडे आणणारी आणि एकदाच अडीच मीटर घेणारी, यांत सारख्या कापडावर पहिलीचा खर्च उलट जास्तच. पहिलीकडे तीन अडचणी साठतात, दुसरीकडे एक कपडा तयार होण्याच्या वाटेवर असतो. आणखी एक गोष्ट: पूर्ण मापाच्या कापडाची किंमत टिकते. आपली आवड बदलली तर ते भाचीला देता येते, शेजारणीला देता येते, लग्नात आहेर म्हणून देता येते. घेणारीला ते शिवता येते. दीड मीटरचा तुकडा कोणाला देणार? आवड बदलण्याच्या भीतीवर खरा उतारा खरेदी बंद करणे हा नाही. दुसऱ्या कोणाच्याही उपयोगी पडेल एवढ्या मापाने घेणे हा आहे.

जागेसाठी हद्द हवी, बंदी नको. एक ट्रंक किंवा कपाटाचा एक कप्पा कापडाला द्या आणि त्याबाहेर जाऊ नका. कापड आटवून घ्या, मगच आत ठेवा. रेशीम आणि जर मात्र धुवू नका. खळीचे कापड तसेच ठेवू नका, खळीला कसर लवकर लागते. रेशीम प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळा. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका; कडुलिंबाची वाळलेली पाने चालतात. पावसाळा संपला की सगळे बाहेर काढा, सावलीत वारा द्या आणि घड्या बदला, म्हणजे एकाच रेषेवर कापड विरत नाही. प्रत्येक कापडाला एक चिठ्ठी टाचा: लांबी, पन्हा, आटलेले की नाही, कुठून आणि केव्हा घेतले. चिठ्ठीत ‘कशासाठी’ हा रकाना नसला तरी काही बिघडत नाही. तीन पावसाळे ज्या कापडाला हात लागला नाही ते पूर्ण मापाचे असतानाच दुसऱ्या कोणाला द्या. आणि शिवून उरलेल्या कापट्यांची कौदी, म्हणजे गोधडी, होते. सीमाभागात आणि उत्तर कर्नाटकात घराघरांत ती होत आली आहे.

राहिला सदसद्विवेकाचा मुद्दा. तो मी सर्वांत गंभीरपणे घेते. कापडाचा अपव्यय पाप आहे, हे माझ्या आजीच्या पिढीला आपल्याहून चांगले कळत होते. 1943 मध्ये सरकारने सुती कापड आणि सूत यांच्यावर नियंत्रण आणले. कंट्रोलचे कापड मिळवण्यासाठी रांगा लावलेल्या त्या बायका होत्या. मिळेल ते घेऊन ठेवायची सवय त्यांच्या हाताला टंचाईने लावली आणि ती आपल्यापर्यंत आली. बेतवाल्या म्हणतात की ते दिवस गेले, ती सवय सोडा. दिवस गेले हे खरे आहे. पण त्या बायकांनी कापड वाया घालवले नाही, कारण हातात आलेल्या वारांत काय बसते हे त्यांना पाहताक्षणी कळत होते. आपण त्यांची साठवण तेवढी उचलली आणि मोजणे विसरलो. साठवण सोडून मोजणेही न शिकणे, हा काही सुधारलेला मार्ग नाही.

कपड्यांचा कचरा खरोखर कमी करायचा असेल तर टिकणारे, मनापासून आवडलेले कापड अंगाला बसेल असे शिवून वर्षानुवर्षे वापरले पाहिजे. घाईत घेतलेले कापड आणि तयार कपड्यांच्या सेलमधून आणलेले ढीग यांच्या तुलनेत चिठ्ठी लावून ठेवलेले अडीच मीटर हातमागाचे कापड निर्दोष आहे. तरीही दोष द्यायचा तर तो आधी त्या ढिगांना द्या.

आणि विणकराचाही विचार करा. तो ताणा लावतो तेव्हा त्याच्यापुढे कोणाचाही बेत नसतो. कोण घेईल, केव्हा घेईल, हे ठाऊक नसताना तो सूत आणतो, रंगवतो, विणतो आणि वाट पाहतो. 2020 च्या टाळेबंदीत येलहंका आणि दोड्डबळ्ळापूरच्या माग असलेल्या घरांत विणलेल्या साड्या पडून राहिल्या आणि माग थांबले. सगळ्या गिऱ्हाइकांनी बेत ठरल्यावरच कापड घ्यायचे ठरवले तर सणांचे चार आठवडे सोडून वर्षभर थांबण्याचा सगळा भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर जातो. दयेपोटी कापड घ्या असे मी म्हणत नाही. दयेने घेतलेले कापडही पडूनच राहते. पण आवडलेले, पूर्ण मापाचे कापड बेताची वाट न पाहता, सणाच्या गर्दीबाहेर घेतले तर आपल्याला निवड चांगली मिळते आणि त्याचा माग चालू राहतो. यात दोघांचेही भले आहे.

म्हणून माझी विनंती तिघांना आहे. दुकानदारांनो, प्रत्येक ताग्याच्या चिठ्ठीवर भावाबरोबर पन्हा ठळक अक्षरांत लिहा. गिऱ्हाइकाने विचारल्यावर हाताने मोजून सांगण्याची वेळ येऊ देऊ नका. ओटी भरणाऱ्या बायांनो, शिवता येईल एवढे कापड द्या किंवा देऊच नका. आणि बेताचा नियम सांगणाऱ्या मैत्रिणींनो, तो नियम मागे घ्या. तुमच्या नियमाने चांगले कापड दुकानात राहते आणि निरुपयोगी तुकडे तसेच घरात राहतात. यापुढे कोणी विचारले की ‘बाई, हे कापड आवडलंय, घेऊ का?’ तर ‘काय शिवणार?’ असे विचारू नका. ‘पन्हा किती आहे आणि तुझ्या घरात सर्वांत जास्त कापड कोणाला लागतं?’ हे विचारा. या प्रश्नाचे उत्तर जिच्याकडे आहे तिने खुशाल घ्यावे. जिच्याकडे नाही तिने आज घरी जाऊन टेप काढावा, मापे घ्यावीत आणि उद्या परत यावे.